ज्येष्ठेच्या शेजारी

मोतीबिंदू काढून बारावा दिवस.
अण्णा एकेक डोळा झाकून भिंत बघतात.
डाव्यानं पांढरी.
उजव्यानं, तो अजून काढायचाय, हळदुली.
“खरी कंची गं, पद्मल?”
एकतीस वर्षं रसाच्या रंगावरून
भट्टीचा ताप सांगणारा माणूस
मला विचारतोय.

माझाही तोच घोळ आहे, अण्णा.
विंचवाच्या डोक्यापाशी धूळ आहे, थोराड ढगच्या ढग.
पलीकडून येणारा प्रत्येक तारा
असतो त्याहून तांबडा दिसतो, असतो त्याहून मंद.
आधी धूळ वजा करायची, मग तोंड उघडायचं.
विद्यापीठात गेले सात महिने
मी धूळच वजा करते आहे.

टेंबलाईच्या उतारावर आमची गच्ची. मे महिना.
शिरोलीच्या फौंड्र्यांचा उजेड नको
म्हणून कागलकडं तोंड करून बसलेलो.
दहाच्या सुमाराला विंचू वर आला, ज्येष्ठा लालबुंद,
आणि तिच्या अगदी शेजारी, दुर्बिणीत,
परातीत सांडलेल्या रव्यागत
ताऱ्यांचा एक गोळा.

“लांब किती?”
ह्यातले काही तारे अर्ध्या दिवसात फुगतात, आकसतात.
“भात्यागत.”
भात्यागतच. आणि असं धापणाऱ्याचा
मूळ उजेड किती, ते आम्हाला ठाऊक असतं.
आपल्या कोपऱ्यावरचा दिवा अन् उचगावचा दिवा
एकाच वॅटचे.
दुप्पट लांबचा चौथाई दिसतो.
असं मोजत गेलं की
सहा हजार वर्षं हा उजेड वाटेत आहे.
अण्णा बराच वेळ गप्प.
मग, “कोळसा लय लागला असंल.”

वयाचं मात्र अवघड.
एकट्या ताऱ्याच्या तोंडावर वय लिहिलेलं नसतं.
घोळका लागतो, एकाच दिवशी भरती झालेला.
त्यातले जडजूड, निळे, भडक, खर्चिक
ते आधी संपतात.
बारके चिमूटचिमूट जाळत राहतात.
ठिपके मांडले की त्यांची ओळ वर चढते
आणि एका जागी मोडून वळते.
वळणाच्या वरचे गेले.
वळण जितकं खाली, घोळका तितका म्हातारा.

“एकोणऐंशीला आमी चौदाजण एका दिवशी लागलो.”
अण्णांनी बोटं धरली.
“क्युपोलावरचा बाबालाल पयला. सा भाकरीचा गडी.
मग नेमगोंडा. ईश्वरा सुतार.
मोल्डिंगचा रावजी, गेल्या दिवाळीआधी.
पेनवाले हायत अजून. स्टोअरचा कुलकर्णी
सायकल मारतोय.”
अंगठ्यापाशी येऊन थांबले.
“म्हंजे वळण माझ्यापतोर आलं म्हण की.”

मी फोकसचा स्क्रू फिरवत राहिले.
तो आधीच बरोबर होता.

बारा अब्ज वर्षं, मी म्हटलं.
एखादा अब्ज इकडंतिकडं.
“एवढा टॉलरन्स?” हसताना त्यांना ठसका लागला.
“आमच्यात अर्ध्या मिलीमीटरला जॉब परत यायचा!”

“आन् ही तांबडी? हिचं वय?”
पोर आहे ती. कोट-दीड कोट वर्षांची.
नाव तेवढं ज्येष्ठा.
मिळालेलं सगळं फुंकून बसलीय,
आता कधीही जाईल.
खरे थोरले शेजारी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे.

मग त्यांनी ते विचारलं
जे माझ्या मार्गदर्शकांनीही पहिल्या भेटीत विचारलं होतं.
“लोखंड किती हाय त्यात?”
सूर्यात आहे त्याचा दहावा-बारावा हिस्सा.
तेव्हा लोखंड फारसं झालंच नव्हतं, अण्णा.
आधी कित्येक तारे मरावे लागले.
“मरून लोखंड,” ते पुटपुटले,
आणि तळहात उलटा करून
भाजल्याचे जुने डाग बघितले.

मी सांगितलं, डाव्यानं बघा, तो साफ आहे.
त्यांनी डावा झाकला.
“ह्यानंच बघतो.
ह्यानं रस बघितलाय.”

नोंदवहीत मी वेळ लिहिली, हवा लिहिली.
धुळीचा रकाना
आज रिकामा सोडला.